कात्रीचे डोळे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहावे, असे शाळेचे पत्र आले. लिहायला बसलो, तर हस्तकलेच्या सरांखेरीज दुसरे काही सुचेना. इतर गुरुजनांनी राग मानू नये.

जिन्याखालच्या त्यांच्या खोलीत आम्ही भंगारातून शिल्पे करत असू. तिथे मोडके स्टोव्ह, गंजलेले पाने, सायकलच्या चेनी आणि परळच्या गिरण्यांतून भंगारात आलेले धोटे यांचा ढीग असे. आठवीत मला शिंप्याच्या जुन्या कात्रीपासून बगळा करायचा होता. मुठी कापण्यासाठी मी करवत मागितली, ती सरांनी दिली नाही. त्यांनी कात्री अर्धवट उघडून आडवी धरली आणि मुठींच्या दोन कड्यांवर बोट ठेवून म्हणाले, "डोळे तयार आहेत की रे, कापतोस काय?" कात्री ही चोच वाटली पाहिजे आणि कात्री म्हणूनही ओळखू आली पाहिजे, हा त्यांचा दंडक. पिकासोने १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल एवढ्यावरच बैलाचे मुंडके उभे केले होते, हे दाखवण्यासाठी सरांनी शिपाईमामांच्या सायकलची सीट काढून आणली, आणि मामा संध्याकाळपर्यंत ती शोधत राहिले!

सर सांगत, बीड म्हणजे ओतीव लोखंड ठिसूळ असते, म्हणून ती आधी तापवून जोडावी आणि राखेत सावकाश निवू द्यावी. लोखंडाला पितळ जोडताना साधे वेल्डिंग न करता ब्रेझिंग करावे, म्हणजे मूळ धातू न वितळवता कमी तापमानाला वितळणाऱ्या कांडीने सांधा भरावा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला, तर रात्री हुडहुडी भरते. कुर्ल्याच्या माझ्या वर्कशॉपमध्ये हाताखालच्या मुलांना मी आजही हेच सांगतो. झाऱ्यांचे मासे आणि बेअरिंगच्या डोळ्यांची घुबडे करून माझा संसार चालला आहे. पुढे चंदीगडला नेकचंद यांनी टाकाऊ वस्तूंतून उभारलेल्या रॉक गार्डनमध्ये फुटक्या बांगड्यांनी मढवलेल्या आकृती पाहिल्या, तेव्हा सर सोबत हवे होते, असे फार वाटले.

आता चोर बाजारात पितळी स्टोव्हही 'अँटिक' झाला आहे आणि भाव ऐकूनच हात मागे घ्यावा लागतो. आपल्या त्या खोलीतही संगणक आले आहेत. ते हवेतच, पण नव्या इमारतीत भंगारासाठी एक कोपरा मिळाला, तर वेल्डिंग मशीन माझ्याकडून, आणि शनिवारी शिकवायला मी येईन. मात्र पाहुणे येणार म्हणून मुलांच्या कामाला कुणी सोनेरी रंग फासू नये, ही अट आधीच घालून ठेवतो.