स्टेव्हिनच्या पायथ्याशी वॉफल

मुलाने आदल्या रात्रीच बजावलं होतं, उद्या दुपारनंतर ब्रसेल्सची गाडी आहे, त्याआधी काय बघायचं ते बघून घ्या. यादी सूनबाईंची. बेलफ्रीचा मनोरा, कालव्यातली फेरी, मायकेलअँजेलोची मूर्ती, ग्रोनिंगे संग्रहालय, लेस, चॉकलेट. मला बेल्जियममधल्या या ब्रूज गावात बघायचा होता तो गणिती सायमन स्टेव्हिनचा पुतळा, आणि तोच नेमका यादीत नव्हता.

कोल्हापुरात उभी हयात गणित शिकवण्यात गेली. दशांश अपूर्णांकाचा धडा आला की वर्गात हमखास कुणीतरी कपाळाला हात लावायचं. युरोपातल्या व्यापाऱ्यांच्या, मोजणीदारांच्या गळी हे दशांश उतरवले ते याच गावच्या स्टेव्हिनने. जन्म १५४८. म्हणजे आमच्या खात्यातलाच माणूस. त्याच्या गावात येऊन त्याला न भेटता जायचं, हे काही मला पटेना.

बेलफ्री ८३ मीटर उंच, पायऱ्या ३६६, आणि वर जाईतो जिना इतका अरुंद की दोर धरून चढायचं. मुलगा आणि नात गेले. आमच्या ह्यांच्या गुडघ्यांनी खालूनच नमस्कार केला. मनोऱ्याखाली बटाट्याच्या फ्राइजच्या हिरव्या टपऱ्या आहेत. पण बेल्जियममध्ये फ्राइज जुन्या पद्धतीने गुरांच्या चरबीत तळतात हे सुनेने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे आम्ही बाकावर बसून पिशवीतल्या दशम्या सोडल्या. वर ४७ घंटा आहेत. दर पाव तासाला त्या काहीतरी वाजवतात. ह्यांचं मत पडलं की आपल्या देवळातली एकच घंटा बरी, निदान काय चाललंय ते कळतं.

होडीची फेरी अर्ध्या तासाची. नावाडी चार भाषांत तोच विनोद करतो आणि पूल आला की सगळ्यांना माना खाली घालायला लावतो. पाण्यातून उभ्या उठलेल्या विटांच्या भिंती, खिडक्यांतली फुलं, खालच्या पायरीवर शेवाळ. बोनिफेसियस नावाचा एक चिमुकला दगडी पूल आहे, ज्याचा त्याचा फोन त्याच्याकडे वळतो. बघणाऱ्याला वाटेल, शेकडो वर्षांचा असणार. तो बांधलाय १९१० च्या सुमारास! बाकीचं गाव मात्र खरोखर जुनं आहे, आणि तेही गरिबीमुळे. इथला व्यापार चालायचा तो झ्वीन नावाच्या समुद्राच्या फाट्यावर. तो गाळाने भरत गेला, मोठी जहाजं येईनात, व्यापारी अँटवर्पला गेले. जुनं पाडून नवं बांधायला पुढे कुणाच्या गाठीला पैसा उरला नाही. आज तेच बघायला आम्ही पैसे मोजून येतो.

एका वळणावर नावाड्याने 'ब्रुग्से व्रिये'ची मागची बाजू दाखवली. शहराभोवतालच्या मुलखाचा कारभार तिथून चाले. स्टेव्हिन तरुणपणी त्याच कचेरीच्या करवसुलीत कारकून होता. नावाडी त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. मीच ह्यांना सांगितलं. ह्यांचा जन्म गुळाच्या अडतीवर हिशेब लिहिण्यात गेलेला, त्यामुळे कारकून म्हटल्यावर ते जरा सावरून बसले.

नोत्र दाम चर्चमधली मायकेलअँजेलोची आई आणि मूल ही मूर्ती मी समजत होते त्यापेक्षा लहान निघाली. ब्रूजच्या कापड व्यापाऱ्यांनी ती विकत घेतली होती. एकदा फ्रेंचांनी पळवली, १९४४ मध्ये जर्मनांनी, आणि दोन्ही वेळा परत आली. आईची नजर मुलाकडे नाहीच, खाली कुठेतरी लागलेली. मूल तिच्या मांडीवरून उतरायच्या बेतात. सूनबाई तिथे बराच वेळ उभ्या होत्या, मीही काही बोलले नाही.

मग मात्र मी हट्टच धरला. 'वॉफल तिकडेच खाऊ' म्हटल्यावर नात आपोआप माझ्या बाजूला आली.

स्टेव्हिनचा चौक प्रशस्त आहे, भोवती झाडं, बाकं. मधोमध हे गृहस्थ उभे, डोक्यावर कबुतर. पुतळ्याच्या हातातल्या कागदावर एक त्रिकोण आहे आणि त्याच्यावरून माळेसारखे गोळे सोडलेत. हा त्याचा गाजलेला युक्तिवाद. चौदा सारखे गोळे ओवलेली माळ त्रिकोणावर टाकली, तर ती आपणहून फिरेल का? फिरली तर प्रत्येक गोळा पुढच्याच्या जागी येणार, चित्र जसंच्या तसं, म्हणजे ती कायमच फिरत राहायला हवी. तसं होत नाही. खाली लोंबणारे आठ गोळे दोन्हीकडे सारखेच ओढतात, तेव्हा उरलेले, म्हणजे लांब उतारावरचे चार गोळे आणि आखूड उतारावरचे दोन, एकमेकांना तोलून धरतात. प्रयोग नाही, यंत्र नाही, नुसता विचार! मी मान वर करून बघत राहिले. बाकी सगळा चौक वॉफल खात होता.

वॉफलच्या कागदावर मी नातीला १५८५ मधल्या त्याच्या छोट्याशा पुस्तिकेतली पद्धत लिहून दाखवली. वॉफल पावणेपाच युरोचं. स्टेव्हिन लिहिणार: ४, मग वर्तुळात शून्य, ७, मग वर्तुळात एक, ५, मग वर्तुळात दोन.

'आजी, हे तर जास्त अवघड आहे.'

आहेच. म्हणून तर पुढे ती वर्तुळं गेली आणि टिंब आलं. दशांशाची युक्तीही काही त्याने पहिल्यांदा शोधलेली नाही. समरकंदच्या अल-काशीने ती दीडशे वर्षांहून आधी वापरली होती. पण नाणी, वजनं, मापं सगळी दहाच्या हिशेबात आणा, हे सरकारांना त्याने त्याच पुस्तिकेत सुचवलं. आपल्याकडे रुपयाचे १६ आणे आणि १९२ पै जाऊन १०० नवे पैसे यायला १९५७ उजाडलं.

मी खाली आजच्या रीतीने ४.७५ लिहिलं, तर नात म्हणाली, 'टिंब का दिलंस? स्वल्पविराम हवा.' ती आइंडहोव्हनच्या शाळेत जाते, तिथे तसंच लिहितात. दुकानाच्या पाटीवरही स्वल्पविरामच होता. मी लाख समजावलं, बाईसाहेब हटल्या नाहीत. वर 'तुमच्या शाळेत चुकीचं शिकवतात' हेही ऐकून घेतलं.

चॉकलेटच्या दुकानात शंभर ग्रॅमला सहा युरो. सुनेला साडेतीनशे ग्रॅम हवं होतं. मुलीने काट्यावर पिशवी ठेवायच्या आत हे पुटपुटले, 'सहा औटे एकवीस.' साडेतीनचा पाढा नातीने कधी ऐकलाच नव्हता. दशांशाचं चिन्ह कुठलं हा वाद तिथेच सोडून ती आजोबांच्या मागे लागली, आणि स्टेशनपर्यंत औटकी चालली होती. सात औटे साडेचोवीसला मात्र दोघंही अडले.

ग्रोनिंगे राहिलं ते राहिलंच. व्हॅन आयकचं १४३६ मधलं एक मोठं चित्र तिथे आहे म्हणे, सूनबाई मुद्दाम वाचून आल्या होत्या. 'एका पुतळ्यापायी' हे त्या अजून अधूनमधून ऐकवतात. पुढच्या वेळी आधी चित्र, मग वॉफल, असं कबूल करून घेतलंय त्यांनी.