मुदत संपलेली मायक्रोबायोलॉजी

२००६ साली पुणे विद्यापीठातून मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. झाले, तेव्हा पेट्री डिशचा आणि आपला संबंध संपला असं समजले होते. मग लग्न, न्यू जर्सी, एच-फोर म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवरचा व्हिसा, दोन मुलं आणि बऱ्याच वर्षांनी ग्रीन कार्ड. धाकटा शाळेत जायला लागला तसं मी घरात सांगून टाकलं की नर्सिंग करणार. सासूबाई फोनवर जरा गप्प झाल्या. "म्हणजे सिस्टर?" एवढंच म्हणाल्या. त्या एका शब्दात बरंच काही होतं, पण ते पुन्हा कधीतरी.

पहिली चूक मी लगेच केली. आपल्याकडे कॉलेजात विषय निवडताना कोण कुणाला विचारतं? फॉर्म भरायचा आणि वरच्या वर्गातल्या मुलीकडून नोट्स मागायच्या. त्याच सवयीने मी घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात ऑनलाइन नाव नोंदवलं आणि जनरल बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री असे दोन विषय घेऊन मोकळी झाले. नर्सिंग म्हणजे सायन्स, मग चुकेल कसं? कॉलेजच्या मुख्य ॲडव्हायझिंग काउंटरवर पंधरा मिनिटं मिळाली. तिथल्या मुलाने स्क्रीनकडे बघून "छान आहे" म्हटलं. अख्खं सेमिस्टर गेल्यावर कळलं की त्या कॉलेजच्या नर्सिंगच्या यादीत यातला एकही विषय धरत नाहीत. फी गेली ती गेलीच. त्या मुलावर राग काढण्यात अर्थ नव्हता. तो सगळ्याच कोर्सेसचा माणूस. नर्सिंग विभागाचा ॲडव्हायझर वेगळा असतो हे मलाच ठाऊक नव्हतं.

मग मी त्या विभागाच्या ॲडव्हायझर बाईंना गाठलं. त्या स्वतः वीसेक वर्षं नर्स होत्या. माझा आयुष्यक्रम मी सुरू केला तसा त्यांनी हात वर केला आणि विचारलं, कोणत्या वर्षीच्या फॉल सेमिस्टरला नर्सिंगची सुरुवात करायची आहे? मग कोरा कागद घेऊन खालून वर लिहायला लागल्या. सगळ्यात खाली प्रवेश. त्याच्या वर फेब्रुवारीतला अर्ज, त्याच्या वर टीज ही नर्सिंगची प्रवेश परीक्षा, मग मायक्रोबायोलॉजी, मग ॲनाटॉमी-फिजिओलॉजीचा दुसरा भाग, आणि सगळ्यात वर पहिला भाग. पहिला झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही. म्हणजे एक सेमिस्टर चुकलं की सगळं एक वर्ष पुढे. शेवटी त्यांनी कागदाच्या बाहेर, टेबलावर बोट ठेवलं. "तू सध्या इथे आहेस."

मायक्रोबायोलॉजीवर मी अडले. माझी पदवीच त्यातली! परदेशी पदव्या तपासणाऱ्या डब्ल्यूईएस या संस्थेकडून एकेका विषयाचं मूल्यमापन करून घेतलं होतं, त्यासाठी भावाने गणेशखिंडला, विद्यापीठात, दोन फेऱ्या मारल्या होत्या. बाई शांतपणे म्हणाल्या, आमच्याकडे शास्त्राचे विषय सात वर्षांच्या आतले लागतात. माझी मायक्रोबायोलॉजी एक्सपायर झाली होती, कपाटाच्या मागे राहिलेल्या सिरपच्या बाटलीसारखी. पदवी मात्र वाया गेली नाही. अर्जदारांची क्रमवारी गुणांवर लागते आणि आधीची कुठलीही पदवी असली तर त्यात थोडे गुण मिळतात.

पदवीधरांसाठी चार वर्षांच्या कॉलेजांत बारा ते अठरा महिन्यांचा वेगवान बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर पदवीही असते, हेही त्यांनीच सांगितलं. फी कितीतरी जास्त आणि जोडीने नोकरी जवळपास अशक्य. मी कम्युनिटी कॉलेजातली दोन वर्षांची असोसिएट पदवी घ्यायचं ठरवलं. शेवटी दोन्हीकडच्यांना नर्सच्या परवान्यासाठी एनसीलेक्स-आरएन हीच परीक्षा द्यायची असते.

खरी कसोटी पुढच्या सेमिस्टरला आली. हावरटपणाने ॲनाटॉमीबरोबर आणखी एक लॅबचा विषय घेतला, शनिवार-रविवार फार्मसीत काम होतंच. मिडटर्मला ६८. २०६ हाडं पाठ होती, पण मज्जासंस्थेने घात केला. बाईंनी तारीख दाखवली: या शुक्रवारपर्यंत विषय सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू, म्हणजे 'विषय सोडला' अशी नोंद येईल, तो सरासरीत धरत नाहीत. नंतर सी आला तर पुन्हा बसलीस तरी दोन्ही प्रयत्न मोजले जातील. एक डब्ल्यू चालेल, दोन नकोत.

मी तीन दिवस झोपले नाही. आमच्या बाबांचं एक वाक्य होतं, नापास झालीस तर चालेल, पण पेपर अर्धवट टाकून उठायचं नाही. बारावीला ताप १०२ असताना मी फिजिक्सचा पेपर पूर्ण वेळ लिहिला होता, त्याचा घरात अजून अभिमान. आणि इथे एक जाणती बाई मला उठ म्हणत होती. शुक्रवारी दुपारी चार वाजता बटण दाबलं. नवऱ्याला दोन दिवसांनी सांगितलं, बाबांना अजून सांगितलेलं नाही. पुढच्या वेळी ॲनाटॉमी एकटीच घेतली आणि ए मिळाला.

टीजच्या गणितात किलो-लिटर-मिलिलिटरची उलाढाल असते. तिथे आपलं शालेय शिक्षण कामाला आलं, पाउंड आणि औंसाने मात्र छळलं. प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा बाईंना ईमेल केला. उत्तर एका ओळीचं होतं: "अभिनंदन. आरोग्याचे फॉर्म आजच सुरू कर."

त्याचंही कारण होतं. गोवर-गालगुंड आणि हिपॅटायटिस बी यांच्या टायटर, म्हणजे रक्तातली प्रतिकारशक्ती बघणाऱ्या चाचण्या सरळ झाल्या. टीबीच्या स्किन टेस्टला हातावर १५ मिलीमीटरची टणक गाठ आली. क्लिनिकमधली मुलगी घाबरून दोन पावलं मागे सरकली. मी बाही वर करून डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण दाखवला. लहानपणी घेतलेल्या या लशीमुळे स्किन टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताच्या क्वांटिफेरॉन चाचणीवर तिचा परिणाम होत नाही. तीच करा म्हटलं. निकाल निगेटिव्ह आला, फॉर्म जमा करायच्या आदल्या संध्याकाळी.