ईकोच्या सांगाड्यातून सेव्हन: फ्रेमआधीची जमवाजमव

मंडळी, मारुती ईकोचे भाग घेऊन लोटस सेव्हनसारखी दोन सीटची गाडी स्वतः बांधतोय, पण फ्रेमसाठी अजून इंचभरही पाइप कापलेला नाही. 'वेल्डिंग कधी?' असं ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना आधीच सांगून टाकतो, पावसाळा सरेपर्यंत तरी नाही. वागळे इस्टेटमधल्या मित्राच्या गाळ्यात पोटमाळ्याखालचा एक कोपरा मिळालाय. तिथे ईकोचा मागचा अ‍ॅक्सल, हबसकट पुढचे दोन नकल (पुढचं चाक ज्यावर बसतं आणि वळतं तो भाग), एक स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणारी दांडी) आणि चार चाकं येऊन पडली आहेत. बाकी सगळं अजून कागदावर आहे, आणि ते तसंच असायला हवं असं माझं ठाम मत आहे. या प्रकारच्या गाडीत आधी फ्रेम बांधून मग तिच्यात भाग कोंबता येत नाहीत. भाग ठरतात, त्यांची मापं ठरतात, मग फ्रेम.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. लोटस सेव्हन १९५७ साली आली. चौकोनी नळ्यांची फ्रेम, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, दोन माणसांपुरती जागा आणि वजन जवळजवळ नाहीच. इंग्लंडमध्ये तेव्हा तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांच्या संचावर नाही. मात्र संचासोबत जोडणीच्या सूचना द्यायला मनाई होती. लोटसच्या कॉलिन चॅपमनने त्यावर गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या आणि त्या उलट्या वाचा म्हणाला! असला माणूस पुण्यात जन्मायला हवा होता. पुढे १९७३ मध्ये सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि ती गाडी आजही बनते.

आपल्या कामाची गोष्ट अशी की केटरहॅमची धाकटी सेव्हन, आधीची १६० आणि आताची १७०, सुझुकीच्या ६६० सीसी टर्बो इंजिनावर चालते आणि मागचा सरळ अ‍ॅक्सलही सुझुकीचाच आहे. १७० चं वजन साधारण ४४० किलो, ताकद ८४ अश्वशक्ती. जपानच्या केई, म्हणजे छोट्या गाड्यांच्या, नियमात बसावी म्हणून तिची रुंदी १४७० मिलिमीटर ठेवलीय. आणि आपल्या रस्त्यावर शाळेची पोरं आणि दुधाचे कॅन वाहणारी ईको १४७५ मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे तिचा अ‍ॅक्सल न कापता, न आखूड करता सेव्हनच्या मापाच्या गाडीखाली जातो. हे लक्षात आलं आणि दात्या गाडीचा, म्हणजे जिचे भाग घ्यायचे तिचा, प्रश्न माझ्यापुरता मिटला.

तरी बाकीचे उमेदवार पाहिले होते. मारुती ८०० आणि अल्टो पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, इंजिन आडवं, त्यामुळे बाद. पद्मिनीचा मोह मोठा. ती कुर्ल्यातच बनायची, पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन तिकोनी हात), मागच्या चाकांवर जोर, सगळं सेव्हनला साजेसं. पण किंगपिनचं (चाक ज्या खिळीवर वळतं तिचं) जडजूड काम, १०८९ सीसीचं जुनं इंजिन, आणि आता चांगली पद्मिनी तोडणं म्हणजे पापच. जिप्सीचं १.३ लिटर इंजिन उत्तम आहे, पण ऑफरोडवाल्यांनी जिप्सीच्या प्रत्येक नटाला सोन्याचा भाव आणलाय. ओम्नी स्वस्त आणि सोपी, पण ७९६ सीसीत मन रमेना. जुन्या ईकोचं ११९६ सीसीचं इंजिन ७३ अश्वशक्ती देतं. साडेपाचशे किलोच्या गाडीला तेवढं पुष्कळ झालं.

आता कुर्ला. सीएसटी रोडच्या जुन्या भागांच्या दुकानांत जाताना व्हर्निअर, टॉर्च आणि खडू एवढं बरोबर हवंच. 'माल एक नंबर है' हे वाक्य प्रत्येक अ‍ॅक्सलबरोबर फुकट मिळतं, ते तिथेच सोडून द्यायचं. मी आधी डिफरन्शियलचा (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरपेटीचा) भरणीचा बोल्ट काढायला लावला आणि आत बोट घातलं. ऑइल काळं असलं तरी चालतं, पण बोटावर चंदेरी चमक दिसली की पुढचं दुकान. मग पिनियनची फ्लँज (इंजिनाकडून येणारा शाफ्ट जोडतात ती चकती) हाताने पुढेमागे हलवून चाल पाहायची. थोडी चाल असतेच, पण खट्ट असा आवाज करत फ्लँज मोकळी फिरत असेल तर दातांचं आयुष्य संपलंय असं समजा.

रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला फ्लँज किती फेरे घेते तो आकडा, काढायची पद्धत बऱ्याच जणांना माहीत नसते म्हणून लिहितो. फ्लँजवर आणि एका ब्रेक ड्रमवर खडूने खूण करा. दुसरा ड्रम कुणाला तरी घट्ट धरायला सांगा. खुणेचा ड्रम बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात फ्लँज किती फेरे फिरली ते मोजा, तोच रेशो. दोन फेरे अशासाठी की एक बाजू अडवली की डिफरन्शियल दुसऱ्या बाजूला दुप्पट फिरवतं. व्हॅनचा अ‍ॅक्सल ओझ्यासाठी केलेला, त्यामुळे आकडा मोठा येतो. हलक्या गाडीत पहिला गिअर जवळजवळ शोभेचा ठरेल आणि हायवेवर इंजिन ओरडेल. पण हायवेचा प्रश्नच नाही, ते पुढे सांगतो.

भाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे भाव चेहरा, पायातले बूट आणि किती वाजलेत यावर ठरतो. बिल मात्र घ्या, छापील, दुकानाच्या नावाचं. इंजिन घेताना तर ब्लॉकवर ठोकलेला नंबर बिलावर आलाच पाहिजे. चोरीच्या गाडीचं इंजिन आपल्या गाळ्यात सापडलं तर छंदाची भाषा पोलिसांना समजत नाही. अख्खी गाडी तोडायला घेणार असाल तर तिचं आरसी रद्द झाल्याशिवाय हात लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये त्याची तरतूद आहे, आणि २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातून तसं प्रमाणपत्रही मिळतं.

इंजिन मी सगळ्यात शेवटी घेणार आहे. कारणं दोन. एक, ठाण्याच्या हवेत उघडं पडलेलं इंजिन एका पावसाळ्यात आतून गंजतं. दुसरं, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) असला तर किल्ली, ईसीएम (इंजिनाचा संगणक) आणि वायरिंग एकमेकांना ओळखतात. इंजिन एका दुकानातून आणि ईसीएम दुसऱ्याकडून घेतला तर स्टार्टर फिरेल, ठिणगी पडणार नाही. म्हणून हा सगळा संच एकाच अपघाती गाडीतून, किल्लीसकट उचलायचा.

तोवर इंजिनाचा पुतळा करतोय. सोसायटीतल्या एकाच्या ईकोची सीट उचलून पुलीपासून बेलहाऊसिंगपर्यंतची (गिअरबॉक्स जोडतो त्या आवरणापर्यंतची) लांबी, खालच्या ऑइलच्या चेंबरची खोली, एक्झॉस्टची बाजू अशी मापं घेतली. थर्माकोल सोपा पडला असता, पण २०१८ च्या बंदीपासून तो वाटेल तेव्हा मिळत नाही. म्हणून फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा. व्हॅनमध्ये सीटखाली मावावं म्हणून इंजिन एका अंगाला कलतं बसवलेलं असतं. तो कल तसाच ठेवायचा. सरळ उभं केलं तर चेंबरमधलं ऑइल एका कोपऱ्यात जाईल आणि पंपाची नळी वळणावर हवा ओढेल. कलतं ठेवलं की बॉनेट रुंद लागतं, म्हणून आधी पुतळा.

खरी डोकेफोड पुढच्या सस्पेन्शनची आहे. सेव्हनला पुढे वर-खाली दोन विशबोन लागतात. आपल्याकडच्या साध्या गाड्यांचे नकल मॅकफर्सन स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाचे), म्हणजे खाली बॉल जॉइंट आणि वर नुसते स्ट्रटचे दोन बोल्ट. तिथे वरच्या विशबोनसाठी काही बसवायचं तर त्याच दोन भोकांवर घट्ट बसणारा जाड पोलादी तुकडा आणि त्यावर रॉड एंड (टोकाला बॉल जॉइंट असलेला तुकडा) असा जोड बनवावा लागतो. ईकोची पुढची चाकं चालवली जात नाहीत, त्यामुळे हबमधून शाफ्टची भानगड नाही, एवढी सोय. जोड लेथवर कापून घ्यायचा, वेल्ड करायचा नाही, बोल्ट जास्त ताकदीचे, १०.९ ग्रेडचेच. गाळ्यातले काका म्हणाले, 'अरे, वेल्ड मारून देतो ना, हत्ती उभा राहील त्यावर.' काकांचं वेल्डिंग खरंच सुरेख आहे. पण स्टेअरिंगच्या जोडावर मला हत्ती नकोय, खात्री हवीय.

रॅकचंही तसंच. रॅकच्या आतल्या एका बॉलपासून दुसऱ्या बॉलपर्यंतचं अंतर हे फ्रेमच्या पुढच्या भागाची रुंदी ठरवतं. वरच्या आणि खालच्या विशबोनचे फ्रेमवरचे सांधे एका रेषेने जोडले, तर टाय रॉडचा (रॅकपासून नकलपर्यंतच्या दांडीचा) आतला बॉल त्या रेषेवर किंवा अगदी जवळ यायला हवा, आणि टाय रॉडचा रोख विशबोनच्या रोखाशी जुळायला हवा. नाहीतर खड्ड्यात चाक वर गेलं की ते आपोआप वळतं. घोडबंदर रोडवर दुसऱ्यांच्या गाड्यांतून फिरून फिरून मला खड्ड्यांची भीती पुरेशी आहे. नकलचा स्टेअरिंगचा हात पुढे आहे की मागे हेही पाहून घ्या. मागच्या हातासाठीचा रॅक पुढे लावला की डावीकडे वळवल्यावर गाडी उजवीकडे जाते. रॅक उलटा पाडून हे सुटतं, पण मग पिनियनचा शाफ्ट कुठे येतो ते आधी पुठ्ठ्यावर मांडा.

पाइप कळंबोलीच्या लोखंड बाजारातून घेणार. २५ बाय २५, १६ गेजचा काळा ईआरडब्ल्यू (पट्टी वळवून शिवण वेल्ड केलेला). जस्ताचा मुलामा असलेला अजिबात नको, वेल्डिंगचा धूर विषारी. १६ गेज म्हणून पातळ माल गळ्यात मारतात, त्याला एक उपाय आहे. १.६ मिलिमीटर जाडीचा हा पाइप मीटरला साधारण १.१८ किलो भरतो, म्हणजे ६ मीटरची लेंथ ७ किलोच्या आसपास. काट्यावर ६.२ आली तर जाडी १.४ च आहे, परत करा. दहा लेंथ धरल्यात, म्हणजे कापायच्या आधी ७० किलो.

त्याआधी खोटी फ्रेम. वायरिंगवाले वापरतात तो २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणि केबल टाय. जाडी खऱ्या नळीइतकीच, त्यामुळे पाय कुठे अडतो, कोपर कुठे लागतं, हे बसून कळतं. ती दोन प्लायवर उभी करायची. प्लायची पातळी गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने, मधली रेघ लाइनदोरीने, आणि दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत पुढे जायचं नाही.

आता नंबर प्लेट. मिळणार नाही. इंग्लंडात हौशी माणसाने बांधलेल्या एकेका गाडीची आयव्हीए चाचणी होते आणि ती रस्त्यावर येते. आपल्याकडे केंद्रीय नियम १२६ प्रमाणे नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मंजूर व्हावी लागते, ते कारखान्यांचं काम. ईकोच्या आरसीवर ही गाडी फिरवणं गाडीतल्या बदलांबाबतच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं स्पष्ट केलंय. तेव्हा एमएच-०४ चं स्वप्न पाहू नका. ही गाडी टेम्पोवर चढून खासगी जागेत किंवा ट्रॅकवर जाणार. एक फायदा आहे, दिवे, काच, वायपर, हॉर्न यादीतून गेले. रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी नळी) आणि पट्टे मात्र आधी होते त्याहून वर आले.

पुढचं काम प्रोपेलर शाफ्टचं. इंजिन पुढे आणि अ‍ॅक्सल मागे यांतलं अंतर पुतळ्यावरून ठरलं की शाफ्ट कापून, बॅलन्स करून घ्यावा लागेल. रबाळे किंवा महापेकडे हे काम नीट करणारा, बॅलन्सिंगचं मशीन स्वतःकडे असलेला माणूस कुणाला माहीत असेल तर सांगा. आणि कुणाकडे ईकोचा गिअरबॉक्स उघडा पडला असेल, तर बेलहाऊसिंगच्या तोंडापासून गिअर लिव्हरच्या मध्यापर्यंतचं माप हवंय. सोसायटीतल्या ईकोखाली माझा हात तिथवर पोहोचला नाही, आणि मालक आता सीट उचलू देत नाहीत.