प्रेसनोट अपडेट: काकूंची कॉम्रेड्स छापून आली!!

आली मंडळी, आली! आपल्या रनिंग ग्रुपच्या काकू दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही अल्ट्रा मॅरेथॉन धावल्या, त्याची बातमी. ठाणे पुरवणीत, दोन कॉलम, फोटोसकट, आणि आडनावसुद्धा बरोब्बर. आज उपवनला लाँग रननंतर पेपर सगळ्यांच्या हातातून फिरला, घामाच्या बोटांनी शाई पार फिसकटली, म्हणून काकूंसाठी दुसरी कोरी प्रत घेऊन ठेवलीये.

आपलं घोडं कुठे अडलं होतं ते माहितीये सगळ्यांना. "नंबर कितवा आला?" कुठल्याही वार्ताहराला फोन लावा, पहिला प्रश्न हाच. सब-फोर (चार तासांच्या आत मॅरेथॉन) सांगा, पीबी (स्वतःची सर्वोत्तम वेळ) सांगा, बीक्यू (बोस्टन मॅरेथॉनची पात्रता वेळ) सांगा, पलीकडे शांतता. आणि कॉम्रेड्सचं तर आणखी अवघड, तिथे मेडल किती वेळात संपवली त्यानुसार मिळतं, 9 तासांच्या आत बिल रोवन मेडल, 11 च्या आत ब्राँझ, 12 ला गन वाजली की दार बंद. काकूंना ब्राँझ म्हटलं की समोरचा लगेच "म्हणजे तिसऱ्या आल्या?" आणि नाही म्हटलं की त्याचा उत्साहच मावळतो. पन्नाशीनंतर पळायला लागलेली बाई, पोळी-भाजी केंद्र सांभाळून, अंधारात येऊरचा चढ मारून तयारी करते, रेसच्या शेवटाकडची पॉली शॉर्ट्सची चढण पार करून वेळेत आत येते, आणि नंबर नाही म्हणून बातमी नाही? मला हे अजिबात पटत नाही.

यावेळी नोटमधून वेळ, मेडल, कॅटेगरी सगळं खाली ढकललं आणि पहिलंच वाक्य लिहिलं: ठाणे स्टेशन ते कसारा जेवढं अंतर आहे तेवढं ठाण्याच्या या गृहिणी-उद्योजिका डोंगराळ रस्त्यावरून एका दिवसात धावल्या. हिशोब चोख आहे हां, सीएसएमटीपासून ठाणे 34 किमी, कसारा 121, म्हणजे मधले 87, आणि कॉम्रेड्सची अप रन (डर्बनहून वर चढत जाणारी) साधारण तेवढीच असते. तासाभरात पेपरच्या शहर डेस्कवरच्या मॅडमचा उलटा फोन! "अहो खरंच कसाऱ्यापर्यंत?" मग त्या मॅडमनी स्वतःहून विचारलं की काकू डर्बनला असताना केंद्रावर पोळ्या कोणी लाटल्या. (सुनेने.) ते वाक्यही छापलंय, आणि मला विचाराल तर बातमीतलं सगळ्यात भारी वाक्य तेच आहे.

नोट क्रीडा पानाला पाठवायची नाही हेही आता पक्कं. तिथे क्रिकेटमधून जागा उरत नाही, शहर डेस्कला मात्र ठाण्याचा माणूस हवाच असतो.

फोटोचं थोडक्यात: व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की दबून बारीक होतो, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर सरळ मेल. रेसच्या फोटोवाल्यांचे दर मला लुटीचे वाटतात, आणि वॉटरमार्कवाला फुकटचा कोणी छापत नाही. काकूंचा छापलेला फोटो येऊरच्या गेटपाशी मोबाइलवर काढलेला आहे, सकाळचं ऊन थेट चेहऱ्यावर. पोस्टर बनवून पाठवणं बंद करा राव, त्यातून मजकूर उचलता येत नाही, मेलमध्येच युनिकोडमध्ये टाइप करा.

आता जानेवारीच्या टाटा मुंबई मॅरेथॉनचं. ठरलं होतं की रविवारी रात्रीच सगळ्या फिनिशर्सची एकत्र यादी पाठवायची. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की यादी नकोच, त्या रात्री डेस्कवर अशा याद्यांचा ढीग पडतो. त्यापेक्षा रेसच्या आधीच्या आठवड्यात एकेका माणसाची छोटी नोट पाठवू, कळव्याचा रिक्षावाला दादा, कोपरीच्या नर्सताई, दोघंही पहिली फुल मॅरेथॉन करतायत. किंवा थांबा, नर्सताईंची नाइट ड्युटी संपल्यावरची रन... वार्ताहरालाच बोलावू ना तलावपाळीला, सोबत फोटोग्राफर! दादा आणि ताई, तुमची हरकत नसेल तरच, नक्की सांगा.

बाकी ज्यांना नोट हवीये त्यांनी देवनागरीत पूर्ण नाव, राहता एरिया, कामधंदा आणि धावतानाचा नाही, नीट चेहरा दिसणारा फोटो पाठवा. पेस चार्ट (दर किलोमीटरच्या वेळेचा तक्ता) नको.