पान ८७

"हिच्या नावावर पुस्तकं नेमकी कोण वाचणार?"

जून महिन्यात देवघेवीच्या टेबलापुढं उभ्या असलेल्या एका बापाला मी हा प्रश्न विचारला. शेजारी त्याची मुलगी उभी होती, हातात घडी घातलेली पांढरी काठी. बाप बोलायच्या आत तीच म्हणाली, "मीच वाचणार मॅडम. आणि मला विचारा की. बाबांना कशाला विचारताय?"

एकोणीस वर्षं मी या वाचनालयात ग्रंथपाल आहे. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, 'अ' वर्गाचं वाचनालय, अठरा हजारांच्या वर पुस्तकं. मी तिचा अर्ज भरला, अनामत घेतली, वर्गणीची पावती फाडली. पावती तिच्या हातात ठेवताना लक्षात आलं, की या अठरा हजारांतलं एकही पुस्तक मी हिला देऊ शकत नाही. पैसे मात्र घेऊन बसले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मीच तिला फोन केला. दहावीपर्यंत अंधशाळेच्या वसतिगृहात शिकलेली, पुढं मुक्त विद्यापीठातून बी.ए., आता बँकेच्या परीक्षेची तयारी. ब्रेल उत्तम येतं. पण ब्रेलमध्ये साधी कादंबरी घेतली तरी तिचे जाडजूड चार-पाच खंड होतात, आणि आपल्याला हवी ती कादंबरी ब्रेलमध्ये असेलच असं नाही. "मला परीक्षेचं मिळतं मॅडम," ती म्हणाली, "मोबाईलवर ऐकते. मला गोष्टीची पुस्तकं पाहिजेत. तुमच्याकडं कपाटात आहेत ती."

कपाटात आहेत ती. हे तीन शब्द डोक्यातून जाईनात.

आमच्याकडं अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि त्यातच पगार, वीजबिल, पुस्तकखरेदी सगळं बसवायचं असतं. त्यामुळं नवीन यंत्रं घ्यायचा प्रश्नच नव्हता. पण एक जुना संगणक पडून होता आणि त्यावर 'एनव्हीडीए' टाकायला एक पैसाही लागत नाही. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी ही प्रणाली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ मध्ये लिहायला घेतली आणि सुरुवातीपासून ती फुकट ठेवली. त्या माणसाचे उपकार कसे मानावेत मला कळत नाही.

कार्यकारी मंडळाच्या बैठकीत एकच शंका निघाली. पुस्तकाचे फोटो काढून त्याची फाइल केली तर लेखक-प्रकाशक हरकत घेणार नाहीत का? शंका रास्त होती, म्हणून मी कायदा वाचून गेले होते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ साली दुरुस्ती झाली आहे. ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही अशा दिव्यांगांसाठी, नफा न कमावता, पुस्तक त्यांना वाचता येईल अशा स्वरूपात करून द्यायला मुभा आहे. याच विषयावर २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला जागतिक करार झाला, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. मी हे सांगितल्यावर कार्यवाहांनी एवढंच विचारलं, "मग आपण इतकी वर्षं का केलं नाही?" उत्तर माझ्याकडं नव्हतं.

ऐकायची खोली म्हणून आम्ही जुन्या बाडांची खोली रिकामी केली. ते सोपं होतं. अवघड होतं ते मराठी.

आधी वाटलं, नेटवर मराठी पीडीएफ पुष्कळ आहेत, त्याच लावू. पहिली उघडली, तर डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसत होतं, आणि यंत्र मात्र इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याचं चिन्ह असलं काहीबाही बरळायला लागलं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आतून मराठी नसतोच, इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेले असतात. दिसणाऱ्याचं भागतं. ऐकणाऱ्याच्या हाती कचरा येतो. मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आतूनही मराठी अक्षरंच असलेला असावा हा आग्रह मी पूर्वी संगणकवाल्या लोकांचा समजायचे. आता कुणीही फाइल पाठवली की मी पहिल्यांदा तेवढंच तपासते. मराठी विश्वकोश युनिकोडमध्ये आहे, म्हणून तो तिला पहिल्या दिवसापासून ऐकता आला. ज्यांनी ते काम केलं त्यांना आपण कुणासाठी काय केलं याची कल्पना असो वा नसो.

तिनं मागितलेली कादंबरी जुनी होती, साठच्या दशकातली आवृत्ती. वसतिगृहातल्या बाईंनी तिला ती अर्धी वाचून दाखवली होती, मग बाईंची बदली झाली. एका रविवारी मी मोबाईल स्टँडला लावून एकेका पानाचा फोटो काढला आणि गूगल ड्राइव्हवर अक्षरओळख करून घेतली, म्हणजे फोटोतल्या अक्षरांचा टाइप केल्यासारखा मजकूर करून घेतला. जे हाती आलं ते पाहून धसकाच बसला. जुन्या छपाईतला ख सुटा असतो, तो यंत्रानं 'रव' वाचला होता. 'खरं' जिथं तिथं 'रवरं'. घ चा ध, भ चा म. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द तसेच तुटलेले. वाक्य रंगात आलेलं असताना मध्येच पानाचा आकडा आणि कादंबरीचं नाव.

अभ्यासिकेतल्या मुलांना विचारलं. स्पर्धा परीक्षेची मुलं, एकेक मिनिट मोजून वापरणारी, त्यामुळं मी भीतभीतच विचारलं होतं. सात जण उभे राहिले. गठ्ठे वाटून घेतले, समोर पुस्तकाचा फोटो, शेजारी मजकूर, असं करत महिनाभर रोज जेवायच्या सुट्टीत त्यांनी एकेक चूक काढली. पानांचे आकडेही काढून टाकले, तिनंच तसं सांगितलं होतं.

१२ ऑगस्टला आम्ही खोली सुरू केली. तो भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस, आम्हा ग्रंथपालांचा दिवस. 'प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ' हे त्यांचं सूत्र १९३१ सालचं. प्रमाणपत्राच्या परीक्षेत मी ते पाठ करून लिहिलं होतं.

संध्याकाळी पाचला ती आली. खुर्चीत बसली, हेडफोन बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आधी तुम्ही पण ऐका." आवाज सुरू झाला. यंत्राचा आवाज तो, त्याला चमच्यातला च आणि चंद्रातला च यातला फरक कळत नाही, पण शब्द लागत होते. मग तिनं दोन बटणं धरली आणि तिसरं दाबत गेली. आवाज पळायला लागला. आणखी पळायला लागला. शेवटी पत्र्यावर गारा पडाव्यात तसा नुसता तडतडाट. मला एक शब्द कळेना. तिच्या चेहऱ्यावर मात्र कादंबरीतल्या सासूचं बोलणं ऐकून हसू आलं.

"एवढ्या वेगात कळतं तुला?"

"याहून हळू असलं की झोप येते, मॅडम."

मी बाहेर येऊन देवघेव करत बसले. तासाभरानं तिनं हाक मारली. "इथं काहीतरी गेलंय मॅडम. आई लेकीला ताट वाढतेय, आणि लगेच लेक एसटीत बसलीय. मध्ये काहीतरी असणार. अशी कशी निघाली ती?"

मुलांचा गठ्ठा चुकला असेल म्हणून मी फोटो पाहिले. एकाचा गठ्ठा पान ८६ वर संपला होता, दुसऱ्याचा ८९ पासून सुरू झाला होता. मग फोटो काढताना माझंच पान उलटायचं राहिलं असेल म्हणून मूळ पुस्तक काढलं. ८६ आणि ८९ समोरासमोर. मध्ये शिलाईपाशी कागदाची एक बारीक पट्टी, पिवळी पडलेली. पान केव्हातरी फाडून नेलं होतं.

मी मागची तारीखपट्टी उघडली. शिक्क्यांच्या तीन रांगा, अगदी गेल्या वर्षापर्यंतच्या. परत करताना पान नाही असं एकाही सभासदानं सांगितलेलं नव्हतं. तारखांवरून बोट फिरवत खाली आले, तर एका तारखेपुढं माझाच सभासद क्रमांक होता. २००९ सालचा. ही कादंबरी आपण वाचली आहे असं मी तोवर समजत होते. दोन-तीन जणांना वाचायला सुचवलीही होती.

ती कानांनी वाट बघत होती. मी तिला जे होतं ते सगळं सांगितलं, माझ्या शिक्क्यासकट. ती एवढंच म्हणाली, "मग तुम्हालाही माहीत नाही ती कशी निघाली ते."

शेजारच्या तालुक्यातल्या ग्रंथपाल ताईंना फोन लावला. त्यांनी फोन चालू ठेवूनच दाखल नोंदवही पाहिली, कपाटाशी गेल्या, आणि वीस मिनिटांत दोन्ही पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले. यंत्रावर सोडायचा धीर नव्हता, मी स्वतः टाइप करायला बसले. ती शेजारी बसून होती. तेव्हा टाइप करता करता मी मोठ्यानं वाचत गेले, एकेक ओळ, माझ्या बोटांच्या वेगानं. दारात अभ्यासिकेतली दोघं-तिघं येऊन थांबली. त्या पानावर आई अर्ध्या वाढलेल्या ताटावरून उठते, हातातल्या पाटल्या काढते, लेकीच्या पदरात बांधते आणि म्हणते, जेवत बसू नकोस, पहिली गाडी गाठ. पुढची सगळी कादंबरी त्या पाटल्यांवर उभी आहे. त्या पाटल्या पुढं येतात तेव्हा त्या कुठून आल्या हा प्रश्न मला २००९ मध्ये पडायला हवा होता.

आठनंतर वाचनालय बंद होतं. त्या दिवशी साडेनऊ वाजले. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वडिलांना घेऊन आली. दोन पानांची पाठपोट झेरॉक्स मी काढून ठेवली होती, शिपाईमामांनी मैद्याची खळ करून आणली होती. फाटलेल्या पट्टीला खळ लावून मामांनी पान बसवलं, वर वहीचा कागद ठेवून तळहातानं दाबलं. तिनं हात पुढं केला, तेव्हा मामांनी तिचं बोट धरून नवीन कागदाची कड दाखवली. जुन्या पानांपेक्षा तो गुळगुळीत होता.

"आता हे माझ्या नावावर घाला मॅडम," ती म्हणाली. "बाबांना वाचायचंय."

मी तारीखपट्टीवर शिक्का मारला आणि पुस्तक तिच्या हातात दिलं.