लाल कान

डॅनिश मालिकांची मराठी सबटायटल्स तपासणं हे माझं काम. यंत्राने केलेला कच्चा मसुदा येतो, मी मूळ संवाद ऐकत तो दुरुस्त करते. त्या दिवशीचा भाग साधारण शंभर वर्षांपूर्वीच्या डेन्मार्कमधला होता. घर हातचं गेलेली एक विधवा सावकारासमोर उभी होती आणि मसुद्यात तिचं वाक्य होतं, "माझ्याकडे एक लाल कानही नाही."

संवाद पुन्हा ऐकला. शब्द होता 'ओरे', आणि ओरे म्हणजे कान हे खरंच. पण डॅनिशमध्ये कान नपुंसकलिंगी, त्याच्याआधी 'एत' लागतं. बाई स्पष्ट 'एन' म्हणाली होती. म्हणजे हा दुसरा ओरे, क्रोन या डॅनिश चलनाचा शंभरावा भाग! 1873 च्या नाणेकरारानंतर 96 स्किलिंगचा रिग्सडालर जाऊन तिथे क्रोन आणि ओरे आले. एक, दोन, पाच ओरेची नाणी ब्राँझची, म्हणून तो लाल.

खरं तर वाक्य इथेच सुटलं होतं, पण मला त्या शब्दाने धरून ठेवलं. ओरेचं मूळ लॅटिन 'औरेउस', म्हणजे सोन्याचा. रोमनांच्या सोन्याच्या नाण्याचं हे नाव उत्तरेत गेलं आणि जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे तिकडच्या जुन्या भाषेत, 'एयरिर' झालं. तिथे ते नाणंही नव्हतं, वजन होतं: मार्क नावाच्या वजनाचा आठवा भाग, सुमारे 27 ग्रॅम चांदी. आइसलंडमध्ये चांदीची चणचण, म्हणून सहा हात लोकरी कापड म्हणजे एक एयरिर असा कायदेशीर हिशेब चाले. सोनं, चांदी, लोकर आणि शेवटी तांबूस चिल्लर. या उतरणीचं मला फार वाईट वाटलं.

आता मराठीत काय लिहायचं? 'फुटकी कवडी' ओठांवर होती, पण कवडीत धातू नाही. मग छदाम आठवला. छदाम म्हणजे सहा दाम, आणि दाम हे अकबराच्या काळचं तांब्याचं नाणं. दाम आला 'द्रम्म'वरून, जो आपल्याकडे शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत भेटतो, आणि द्रम्म ग्रीकांच्या 'द्राख्मे'वरून. म्हणजे हाही भूमध्य समुद्राकडूनच आलेला, हाही झिजत झिजत तांब्यावर उतरलेला. मी एकटीच होते, तरी मोठ्याने "अगं बाई!" म्हणाले.

"माझ्याकडे एक छदामही नाही," असं लिहिलं. पुढच्याच प्रसंगात तिचा म्हातारा बाप हात कानाशी नेऊन काहीतरी विचारतो. तिथे 'एत' होतं. तो कान तसाच ठेवला.