बारावीच्या तासाला मी काय सांगते

पुण्या-मुंबईला गेलेले माझे विद्यार्थी सुट्टीत भेटले की हमखास विचारतात, "मॅडम, नर आणि मादी दोनच, असं तुम्ही अजून शिकवता? आता तसं बोललेलं चालतं?" पालकांचा सूर उलटा. "ते तिसरं-चौथं काय असतं, ते आमच्या पोरांच्या डोक्यात घालू नका हं." मी सांगलीत बारावीला जीवशास्त्र शिकवते. दोघांना माझं उत्तर एकच आहे, पण ते रस्त्यात उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून लिहिते.

हो, शिकवते. त्या तासाला मी पपईची फुलं मागवते. डिग्रजकडची, तासगावकडची मुलं पिशवी भरून आणतात. नर झाडाच्या लांब लोंबत्या दांड्यावर बारीक फुलांचे घोस, मादी झाडाच्या खोडालगत एकेकटं टपोरं फूल. ते ब्लेडने उभं चिरलं की आत अंडाशय दिसतं. 'तैवान'च्या वाणांत आणखी एक प्रकार, एकाच फुलात पुंकेसरही आणि अंडाशयही. झाड फुलावर येईपर्यंत नर की मादी कळत नाही आणि जादा नर उपटावे लागतात, हे शेतकऱ्याच्या पोरांना माझ्याआधी ठाऊक असतं.

मग मी विचारते, पक्ष्यांत दोन वेगळी लिंगगुणसूत्रं मादीकडे, माणसात नराकडे. मधमाशीचा नर तर फलन न झालेल्या अंड्यातून 16 गुणसूत्रं घेऊन येतो. मगरीचं पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्याला मिळालेल्या तापमानावर ठरतं. इतक्या निरनिराळ्या वाटा असताना सगळीकडे 'मादी' कशावरून म्हणायचं? उत्तर जननपेशीत आहे. मोठी, अन्नसाठा असलेली पेशी जिची, ती मादी. लहान पेशी ज्याची, तो नर. एकाच फुलात दोन्ही असतील, पण तिसऱ्या प्रकारची जननपेशी प्राण्यांत नाही, फुलझाडांतही नाही. कुणाला बरं वाटावं किंवा वाईट वाटू नये म्हणून हे मी बदलून सांगणार नाही.

पण तास इथेच संपवणं ही अर्धवट शिकवणी. काही माणसांच्या शरीराची घडण ठरल्या वाटेने होत नाही. टर्नर आणि क्लाइनफेल्टर, म्हणजे लिंगगुणसूत्र कमी किंवा जास्त असण्याच्या अवस्था, तर पाठ्यपुस्तकातच आहेत. एक्स-वाय गुणसूत्रं असूनही पेशी पुरुषी संप्रेरकाला दाद देत नाहीत आणि मूल मुलगी म्हणून वाढतं, असंही होतं. 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत शांती सौंदराजनने 800 मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं गेलं. स्पर्धेचे नियम काय असावेत, यावर वाद घाला. पण त्या पोरीच्या शरीराची जगभर चर्चा झाली, त्या चर्चेची मला आजही चीड येते.

एखादी मुलगी विचारतेच, "मग जोगते?" हा प्रश्न आमच्याकडे बाहेरून आलेला नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेले, साडी नेसणारे जोगते या मुलांनी लहानपणापासून दारात पाहिलेत, आईने त्यांच्या परडीत पीठ-मीठ घातलंय. मी सांगते, शरीराबद्दल जीवशास्त्र बोलेल. ती व्यक्ती स्वतःला कोण मानते, तिला काय म्हणून हाक मारायची, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणार नाही. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला, तो राज्यघटनेतल्या समतेच्या आणि प्रतिष्ठेच्या आधारावर. त्यासाठी पपईच्या फुलाची साक्ष काढावी लागली नाही. उद्या जननपेशी चार प्रकारच्या निघाल्या, तरी तो हक्क वाढणार नाही की कमी होणार नाही.

शरीराची गोष्ट धूसर करू नका, असं मी का म्हणते? मार्च 2017 मध्ये आमच्याच जिल्ह्यात, म्हैसाळला, बेकायदा गर्भपातात एक बाई दगावली आणि तपासात ओढ्यालगत पुरलेले 19 भ्रूण सापडले. गर्भलिंगचाचणीवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 सालीच, देशात सर्वांत आधी केला होता. शेजारच्या साताऱ्यात 2011 मध्ये 'नकुशी' नावाच्या 285 मुलींना समारंभ करून नवी नावं द्यावी लागली. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं की तू स्वतःला कोण समजतेस. बघितलं होतं ते फक्त शरीर. ज्या आधारावर अन्याय होतो, तो आधारच आहे की नाही याबद्दल शिक्षकाने गुळमुळीत बोललं, तर त्या अन्यायाची मोजदाद कशी करायची?

इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठातल्या प्राध्यापक कॅथलीन स्टॉक यांना नेमक्या याच विषयावरच्या, जैविक लिंग बदलता येत नाही यासारख्या मतांसाठी विरोध झाला आणि ऑक्टोबर 2021 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत. पण विद्यापीठात ती मांडणं अशक्य व्हावं, हे त्याहून पटत नाही. आमच्याकडे तोंड बंद होतं ते मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूने. 2007 मध्ये महाराष्ट्रात शाळांतल्या लैंगिक शिक्षणाला बंदी झाली. 2021 मध्ये तृतीयपंथी मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं, याची एनसीईआरटीची शिक्षकांसाठीची पुस्तिका तक्रारी येताच संकेतस्थळावरून उतरवली गेली. प्रजननाचा धडा मुलांना "घरी वाचा" सांगून उरकणारे शिक्षक तर मी सारखेच बघते. र. धों. कर्व्यांवर लैंगिक प्रश्नांवरच्या त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी खटला झाला, तेव्हा 1934 मध्ये त्यांची बाजू लढवायला डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. लैंगिक प्रश्नांची शास्त्रीय उत्तरं देणं अश्लील नाही, हे कोर्टात सांगून नव्वद वर्षं झाली, आणि आमची मुलं अजून ती उत्तरं मोबाइलवर चोरून शोधतात.

म्हणून माझ्या तासाला चिठ्ठ्या असतात. नाव न घालता लिहायचं, काहीही विचारायचं. "हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ आहे का?" हीसुद्धा वाचते आणि "मला मुलगा असल्यासारखं वाटतच नाही" हीसुद्धा, मोठ्याने, त्याच आवाजात. वर्गातल्या कुणाचं नाव घेऊन लिहिलेली चिठ्ठी तेवढी वाचत नाही. ती तिथेच फाडते, का फाडली ते सांगते, आणि पुढची उघडते.